कॉल टॉवरचा की नेटचा?

आम्ही सफाळ्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्यातल्या एकीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. लाईट गेलेली. नणंद आशाताईंना व्हॉट्सॲपवरून फोन लावत होती. पडद्यावर नुसतं 'कॉलिंग' दिसत होतं, 'रिंगिंग' काही येईना. आम्ही शेजारणी जमलो, पण काय चुकतंय ते एकीलाही कळेना. शेवटी घरातल्या आजींनी उशाखालचा बटणाचा फोन काढला आणि १०८ लावला. गाडी आली, सून वेळेत पोचली, मुलगी झाली. पण मधली वीस मिनिटं आमच्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून आज हे शब्द.

आधी तेच दोन. 'कॉलिंग' म्हणजे आपली हाक अजून समोरच्या फोनपर्यंत पोचलेलीच नाही. 'रिंगिंग' म्हणजे तिकडे घंटी वाजतेय. नुसतं 'कॉलिंग' दिसत राहिलं तर वाट बघत बसू नका.

त्या रात्री लाईट गेली तशी घरातली वायफायची पेटीही बंद पडली. तिला राउटर म्हणतात. बाहेरून वायरीने आलेलं नेट ती घरात बिनवायरीचं वाटते, पण तिला वीज लागते. फोनमधला मोबाईल डेटा पॅक वाचवायला म्हणून बंद ठेवलेला. म्हणजे नेटच्या दोन्ही वाटा बंद. रेंजच्या दोन काड्या मात्र दिसत होत्या. साधा फोन त्याच मोबाईलवरून लागला असता!

नेटवरचा कॉल जातो कसा? आपल्या किनाऱ्यावरच्या बाया मासळीच्या पाट्या घेऊन गाडी धरतात, तसंच समजा. फोन आपल्या आवाजाचे बारीक तुकडे करतो, एका सेकंदाचे साधारण ५०. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर क्रमांक आणि कुठे जायचं तो पत्ता असतो. या पत्त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. गर्दीत पाट्या मागेपुढे होतात, एखादी हरवते. उशिरा पोचलेली मासळी कोण घेणार? तसा उशिरा आलेला तुकडा फोन टाकून देतो, मग आवाज तुटतो, चिरका येतो. मेसेजचं तसं नाही. तो सुकटासारखा, उद्या पोचला तरी चालतो. म्हणून आवाज तुटायला लागला की व्हिडिओ बंद करा. पाट्या कमी झाल्या की आवाजाला जागा मिळते.

पूर्वी एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली उभं राहून आकड्यांकडे बघत बोलायचो. २०१५ला व्हॉट्सॲपवर बोलणं आलं, पुढच्या वर्षी डेटा स्वस्त झाला आणि साध्या फोनची सवयच गेली. आता ४जीवर साधा कॉलही तुकड्यांनीच जातो, त्याला व्होल्टी म्हणतात. पण तिथे मोबाईल कंपनी आवाजाला वाट राखून ठेवते आणि आपला डेटा बंद असला तरी तो कॉल लागतो.

मुख्य गोष्ट आता. १०८, बाळंतिणीसाठी १०२, पोलिसांसाठी ११२ हे नंबर व्हॉट्सॲपवरून लागत नाहीत. ते साध्या फोननेच लावायचे. हिरव्या फोनच्या चित्रावर दोन्हीकडे बोट जातं, तिथेच घोटाळा होतो. आम्ही आता बैठकीत एकमेकींकडून आकडे दाबायची जागा शोधून घेतो. हसू येतं, पण दोघींना सापडली नव्हती.

याच्या उलटही होतं. डोंगराच्या आड रेंज नाही, पण घरात वायफाय आहे, तर व्हॉट्सॲप चालतं. रिचार्ज संपलेल्या फोनवरूनही चालतं. फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' असेल तर ते चालू करून ठेवा. मग रेंज नसताना साधा फोनही वायफायवरून जातो. मात्र सगळ्या फोनांत ही सोय नसते.

त्या घरात आता मीटरच्या वर खडूने तीन नंबर आणि आशाताईंचा नंबर लिहिलाय. बटणाचा फोन रोज चार्जिंगला लागतो. आणि पणतीला बघायला येणाऱ्या प्रत्येकीला आजी आधी विचारतात, "निघताना फोन केलास तो टॉवरचा की नेटचा?"