बोटांची टोकं फुगली? छाती तपासून घ्या

हातातलं काम जरा बाजूला ठेवा. दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटं घ्या, नखाला नख आणि पेराला पेर लावून डोळ्यांसमोर धरा. नखांच्या मुळाशी शंकरपाळीच्या आकाराची बारीक फट दिसते ना? ती दिसायलाच हवी. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांना हृदयाचा संसर्ग झाला, तेव्हा स्वतःच्या बोटांमधली ही फट बुजलेली त्यांना दिसली. 1976 साली त्यांनी ते लिहून ठेवलं.

फट बुजली, बोटाचं टोक गोल फुगलं, नख पोपटाच्या चोचीसारखं वाकलं, तर डॉक्टर त्याला 'क्लबिंग' म्हणतात. ते बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून आपण सोडून देतो. पण दुखणं बोटात नसतंच, ते दुसरीकडे असतं.

बहुतेकदा ते फुफ्फुसात असतं. टीबी होऊन गेल्यावर श्वासनलिका रुंदावतात, रोज सकाळी वाटीभर बेडका पडतो, अशांची बोटं फुगतात. फुफ्फुसाच्या कर्करोगातही फुगतात. नुसत्या दम्यानं मात्र सहसा फुगत नाहीत. म्हणून बिडी ओढणाऱ्या घरधन्याची बोटं बदलली, तर 'जुना दमाच आहे' म्हणून थांबू नका. छातीचा एक्स-रे काढा. यकृताच्या आणि आतड्याच्या जुन्या आजारातही असं होतं. काही घरांत ते पिढीजात असतं, त्यानं काही बिघडत नाही. पण नव्यानं झालेला बदल दाखवायलाच हवा.

आता लेकरांचं. रडताना ओठ आणि नखं निळी पडतात, खेळता खेळता मूल मध्येच उकिडवं बसतं, वजन वाढत नाही, बोटांची टोकं गोल होतात. हा जन्मजात हृदयदोष असू शकतो. 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून दृष्ट काढण्यात दिवस घालवू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांना मुलाची बोटं दाखवा. पुढच्या शस्त्रक्रियेची वाट तिथूनच निघते.

फुगलेल्या बोटांना लेप लावून उपयोग नाही. मूळ आजाराला औषध लागतं. आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेची सरकारी रुग्णालयं आहेतच. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत सह्या-अंगठे झाले की सगळ्याजणींनी नखाला नख लावून बघा. घरी गेल्यावर सासूबाईंची, मालकांची, लेकरांची बोटंही बघा.