सेवेतून जुळलेली माणसे

(श्री भैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धारानंतर कळसारोहणाच्या दिवशी सभामंडपात झालेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. थापी आणि ओळंबा यांतच माझे आयुष्य गेले. समितीने सांगितले, "तुम्ही गवंडीकामातून पुढे मोठी कामे घेतलीत, तरुणांना दोन शब्द सांगा." धंदा कसा करावा हे मी सांगणार नाही. पण धंद्यात माणसे जोडली कशी जातात आणि तुटतात कशी, हे मला याच देवळाच्या आवारात समजले. तेवढे सांगतो.

आपल्याकडे एकमेकांच्या कामाला जाण्याची रीत फार जुनी आहे. सावड केली की आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. दिवसाला दिवस फेडायचा. वारंगुळ्यात एकाचा बैल आणि दुसऱ्याचा बैल मिळून औत चालते. इर्जिकीला ज्याचे काम त्याने जेवण घालायचे. या सगळ्यांत काही ना काही फेड आहे. देवळाच्या श्रमदानात फेड नाही. म्हणूनच तेथे माणूस खरा कळतो. मजुरी नसताना हा कसे काम करतो, हे सगळा गाव पाहत असतो.

१९७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्यानंतर दोन वर्षांनी या देवळापुढचा ओटा बांधायचे ठरले. गावातले एक वृद्ध गवंडी मजुरी न घेता काम करीत होते. मी त्यांच्या हाताखाली. एक दिवस मी घाईने तीन थर रचले. त्यांनी ओळंबा सोडला, तर भिंत बोटभर बाहेर! मी म्हणालो, "आबा, गिलाव्यात झाकून जाईल." ते म्हणाले, "पैशाच्या कामात चुकलास तर मालक पैसं कापंल. हितं कोण कापणार? म्हणून हितं चुकायचं न्हाई." तिन्ही थर उतरवायला लावले.

रस्त्याच्या कामावरचे एक ओव्हरसिअर साहेब तेव्हा दर्शनाला येत. मी भिंत उतरवीत होतो ते त्यांनी पाहिले. चार महिन्यांनी त्यांनी मला मोरीच्या बांधकामावर बोलावून घेतले. मी त्यांच्याकडे काम मागितले नव्हते. माझ्या धंद्याची सुरुवात ती.

आता माझी चूकही सांगतो. पुढे शेजारच्या एका गावात शाळेची खोली श्रमदानातून उभी राहत होती. मी दर रविवारी जाऊ लागलो. खरे सांगायचे तर मनात हेतू होता. त्या गावात दोन घरांची बांधकामे निघणार होती, ती मला हवी होती. ती मिळाली, आणि मिळाल्यावर मी शाळेकडे फिरकलो नाही. खोली भिंतीपर्यंत येऊन तशीच राहिली. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. चहा देत, रामराम घालीत. पण पुढचे काम कोणी दिले नाही. शेवटी मीच लाजून हत्यारे घेऊन गेलो आणि खोली पुरी केली. तरी पुन्हा विश्वास बसायला दोन वर्षे लागली. सेवेला गळाचे आमिष केले की माणसे ओळखतात. सेवा करताना काम मागू नये, आणि काम मिळाले म्हणून सेवा सोडू नये.

या जीर्णोद्धारात समितीने पहिल्याच दिवशी एक गोष्ट चांगली केली. मजुरीवर कोण, सेवेवर कोण आणि सामान कोणाच्या हिशेबी, हे फळ्यावर लिहिले. पाथरवट मजुरीवर होते. विजेचे काम करणाऱ्या मुलाने मजुरी सोडली, पण तारांचे बिल दिले. त्यात कमीपणा नाही. धुसफूस होते ती न बोललेल्या हिशेबातून.

शिकायलाही मिळाले. गाभाऱ्याच्या दगडी भिंतीचे सांधे मी सिमेंटने भरायला निघालो होतो. पाथरवटांनी हात धरला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडते आणि दगड खराब होतो, हे त्यांनी समजावले. या वयात मला नवे गुरू मिळाले. स्लॅबच्या दिवशी ज्या भगिनींनी तीनशे माणसांचा स्वयंपाक केला, त्यांना त्यानंतर दोन लग्नांची जेवणे मिळाली. त्यांची चव कोणी छापून सांगितली नव्हती. लोकांनी पंगतीत बसून पाहिली होती.

आणि माझे स्वतःचे एक. वाळू पुरवणारे आपल्यातलेच एक गृहस्थ आणि मी अकरा वर्षे बोलत नव्हतो. त्यांचे चौदाशे रुपये मी अडवले होते. वाळू कमी भरली असे माझे म्हणणे. स्लॅबच्या दिवशी घमेल्यांच्या रांगेत ते माझ्या शेजारी आले. घमेले हातातून हातात द्यायचे, तोंड फिरवून चालत नाही. दुपारपर्यंत "धरा", "सांभाळा" एवढे बोलणे झाले. संध्याकाळी मी घरी जाऊन पैसे आणून दिले. त्यांनी ते मोजून घेतले. मला ते बरे वाटले. हिशेब मिटला म्हणजे मिटला.

अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन १९७५ साली राळेगणसिद्धीला आले, तेव्हा त्यांनी प्रथम यादवबाबांचे पडके देऊळ स्वतःच्या पैशातून दुरुस्त करायला घेतले. हळूहळू लोक मदतीला आले. देवळाशी जमलेले तेच हात पुढे पाणी अडवण्याच्या कामाला लागले. देऊळ पुरे झाले म्हणून ते पांगले असते, तर राळेगणचे नाव आज कोणाला ठाऊक असते?

मला काळजी आहे ती याचीच. आज कळस चढला. उद्या पुणे-मुंबईची मंडळी गाडीत बसतील, समितीची वही कपाटात जाईल. बांधलेली भिंत पाऊस-उन्हाने खचते, तशी जोडलेली माणसेही देखभालीवाचून सुटतात. म्हणून माझी विनंती आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी एक रविवार ठरवा. शिखरावर उगवलेली पिंपळाची रोपे काढायची, पन्हाळी साफ करायची, तारा तपासायच्या, आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवून उठायचे. बाहेरगावच्या मुलांनी त्या दिवशी यावे. पैसे पाठवले तर समिती घेईलच. पण घमेले पोस्टाने पाठवता येत नाही.

पहिल्या रविवारी मी ओळंबा घेऊन हजर राहीन. तुम्ही या.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!