घरातल्या बाईचं ताट आणि घरातली शुगर

  हातात मेथीची जुडी असेल तर निवडता निवडता ऐका, आमचं काही म्हणणं नाही. उलट आजचा विषय त्या जुडीचाच आहे.

आपली देवळाली हवापालटाची. मुंबईची पारशी आणि गुजराती मंडळी इथे सॅनेटोरियममध्ये येऊन राहायची, कोरड्या हवेत बरी होऊन जायची. हवा अजूनही बरीच म्हणायची. पण त्याच हवेत राहणाऱ्या आपल्या घरांत आता फडताळावर गोळ्यांचा डबा असतो. गटाच्या बैठकीला चहा टाकताना आधी विचारावं लागतं, बिनसाखरेचे किती? आणि हात वर करणाऱ्यांत चाळिशीच्या आतल्याही असतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशभर केलेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून जास्त माणसं काठावर उभी आहेत, असा तिचा हिशोब. यात खेड्यातली माणसंही आलीच.

यावर बायका आम्हाला काय म्हणतात ते तुम्हाला माहीतच आहे. "आम्ही उन्हातान्हात राबतो. अंगावर मूठभर मांस नाही. आम्हाला कशी होईल शुगर? ती बसून खाणाऱ्यांना होते." हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांतून मिळालेलं आहे. ते जरा सावकाश सांगतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. बाई गरोदर राहण्याआधीपासून तिचं वजन, तिचं खाणं, तिचं काम याची नोंद ठेवायची, मग बाळ जन्मलं की त्याला मोजायचं, आणि ते मोठं होईल तसं पुन्हा पुन्हा तपासायचं. त्या बायका आपल्यासारख्याच होत्या, शेतात राबणाऱ्या, विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या. गरोदरपणाआधी त्यांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं.

बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरातली बाळं भरली ३.५ किलोची. इथवर नवल काही नाही. नवल पुढे आहे. आपलं बाळ काटकुळं दिसत होतं, हातपाय बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे मांस घटलं आणि चरबी राखली गेली. वरून बारीक, आतून चरबीचं, असं ते बाळ. पुढे अशा शरीराला साखर पचवणं जड जातं, कारण खाल्लेली साखर वापरतात ते मुख्यतः स्नायू.

याच डॉक्टरांची एक गंमत जगभर गाजली. २००४ साली त्यांनी आणि त्यांच्या एका इंग्रज डॉक्टर मित्राने आपली दोघांची मापं छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९ टक्के, आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के. फोटोत दोघंही सडपातळच दिसतात! तेव्हा "मी बारीक आहे" हे कारण आता पुढे करू नका.

आता मेथीच्या जुडीकडे येऊ. त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. आईने एकूण किती खाल्लं, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो काय खाल्लं याचा. ज्या बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं जास्त भरली. आणि ज्यांच्यावर घरच्या व शेतीच्या कामाचा बोजा जास्त होता, त्यांची कमी भरली. पुढे हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तर ज्या आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन नीट लागू पडत नसल्याची लक्षणं जास्त होती. बी-१२ कमी असणाऱ्या आया अर्ध्याहून अधिक होत्या.

हे ऐकून कोणी गरोदरपणातल्या फोलिक ॲसिडच्या, लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत बरं का. त्या घ्यायच्याच. सांगणं एवढंच की बी-१२ पालेभाजीत नसतं, डाळीतही नसतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांत असतं. आणि आपल्या घरात या गोष्टी कोणाच्या ताटात आधी पडतात, ते आम्ही सांगायला नको.

दूध डेअरीला. उरलेलं पोरांना आणि कर्त्या माणसाच्या चहाला. अंडं पोराला. सासूबाईंचा उपास, सुनेचा उपास, आणि उपासाला साबुदाणा नि बटाटा. सगळ्यांचं झाल्यावर बाई बसते तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, भाजी नसते. मग ती भाकरी किंवा भात वाढवून घेते आणि वर ठेचा. पोट भरतं, पण ताट रिकामंच. आयसीएमआरच्याच हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ साली दिवसभराच्या ताटाचा नमुना दिला आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम, म्हणजे भाकरीपोळीपेक्षा भाजी जास्त. शिवाय डाळ-उसळ ८५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली. आमच्या मते आपल्याकडे बहुतेक बायकांचं ताट याच्या बरोबर उलट असतं. धान्य ढीगभर, भाजी बोटभर.

आम्हाला कोणी विचारलं की शुगर टाळायला आधी काय करावं, तर आम्ही काढा सांगत नाही, कारल्याचा रसही नाही. घरातली मुलगी आणि सून सगळ्यांबरोबर जेवायला बसली पाहिजे, एवढं आधी सांगतो. भाजी सगळ्यांना सारखी वाढायची. सासूबाईंनो, हे तुमच्या हातात आहे. सुनेच्या वाटीत दही पडलं तर ते नातवंडालाच पोचणार आहे.

मग प्रश्न येतो, भाजी आणायची कुठून? शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न पडावा हेच विचित्र आहे, पण पडतो. दारणेचं पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली, पैसा आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण बांधावरचा वाल गेला, उसात लावलेली मका गेली, चवळी गेली, आणि आठवडे बाजारातून पिशवी भरून आणायची पाळी आली. नागली इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात पिकते, आपल्या तव्यावर मात्र क्वचित येते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात १०च्या आसपास. गुडघे धरून उठणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण नागली म्हणजे औषध नव्हे. बारीक दळून, गूळ घालून, पातळ करून प्यायली तर तीही साखर वाढवते. भाकरी करा, सोबत उसळ घ्या.

द्राक्षावरून एक गोष्ट मनात सलते. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडली होती. बागाईतदारांचं फार नुकसान झालं. निर्यातीच्या मालाची आज काटेकोर तपासणी होते, फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही याचा तक्ता बागेत पाठ असतो. हे चांगलंच आहे. पण तीच शिस्त घरच्या वांग्याला कुठे? काल फवारलं आणि आज भाजीला तोडलं, असं चालतं. परदेशातल्या पोराच्या तोंडी जाणाऱ्या घडाची काळजी घेतो, तशी आपल्या पोराच्या ताटाचीही घ्यायला काय हरकत आहे?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतील. शाळेत कधी गेल्या नाहीत. नातू आजारी पडला, तेव्हा फवारलेल्या भाज्यांचाच हा परिणाम असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यांनी जुनं गावरान बियाणं गोळा करायला सुरुवात केली. वाल, घेवडा, भात, रानभाज्या. घरातच बियाण्यांची बँक झाली, बचत गटांच्या बायकांना बियाणं मिळालं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमचं म्हणणं असं, की पद्मश्रीचं कौतुक करून थांबू नये, मूठभर बी मागून आणावं.

घरच्या मालकाकडे आपण सगळ्या मिळून एक गुंठा मागू. एकच. त्यात ऊस नाही, द्राक्ष नाही. कडेला शेवगा आणि कढीपत्ता, कुंपणावर वाल आणि दोडका, मध्ये वाफ्यात मेथी, माठ, अंबाडी, चाकवत. मोरीचं पाणी जिकडे जातं तिकडे आळू आणि केळ. शेवग्याच्या शेंगा बाजारात जातात तर जाऊ द्या, पाला घरात राहतोच, त्याची भाजी करा. या गुंठ्यात फवारणी करायचीच झाली तर निंबोळी अर्काची. ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांनी दोन-चार पोती मातीने भरून दारात ठेवावीत, किंवा गटाने मिळून एखादी पडीक जागा मागावी.

शेतमजुरीला जाणाऱ्या बहिणींसाठी एक खूण. औषधाच्या डब्यावर हिऱ्यासारखा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. वाचता येत नसलं तरी रंग कळतो. फवारलेल्या बागेत त्याच दिवशी विरळणीला जायचं नाही. घरी आल्यावर लेकराला उचलायच्या आधी अंघोळ, आणि ते लुगडं वेगळं धुवायचं. रिकामा डबा पाण्याला, तेलाला वापरायचा नाही, कितीही छान दिसला तरी. भाजी धुतल्याने वरचं औषध जातं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरलेलं असतं, ते मिठाच्या पाण्यानेही निघत नाही. म्हणून तोडणीआधी थांबायचे दिवस पाळणं हाच उपाय.

चालण्याबद्दल थोडं. डॉक्टर म्हणतात पहाटे फिरायला जा. त्यांना आमच्याकडचा बिबट्या माहीत नसावा! २०२० साली दारणाकाठच्या गावांत त्याने माणसांचे जीव घेतले, ते कोण विसरेल. तेव्हा पहाटे आणि अंधारात उसाच्या कडेने मुळीच नाही. जेवणानंतर घरापुढच्या ओट्यावर, अंगणात, शाळेच्या पटांगणात घोळक्याने चाला. जेवल्यावर १० मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. आणि मिश्री सोडा. तिच्यात तंबाखू आहे, दात तर सोडाच, रक्तदाबही तिने वाढतो.

शेवटी तपासणी. शिंप्याकडची टेप घ्या, उभं राहून श्वास सोडा, बेंबीच्या जरा वर पोटाभोवती धरा. बाईचं माप ८० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचाच्या वर असेल, तर वजन कितीही असो, तपासून घ्या. पुरुषांना ९० सेंटिमीटर. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांची शुगर आणि बीपी उपकेंद्रात मोफत बघतात, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी शुगर १००च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे काठावर, तिथून बऱ्याच जणी मागे फिरू शकतात. १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जायचं. गरोदर सून असेल तर तिची शुगर वेगळी बघतात, ती चुकवायची नाही.

तपासणीला जाताना रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही. सकाळचा चहासुद्धा नाही, बिनसाखरेचाही नाही. पाणी चालेल. आणि रक्त दिल्यावर खायला पदरात एक भाकरी बांधून न्या, रांग मोठी असते.