अडीच फुटांच्या रुळांवरून



आम्हा अचलपूरकरांना देश पाहायला निघायचं, तर आधी शकुंतला या छोट्या रेल्वेत बसावं लागे. 1913 साली सुरू झालेला तिचा अचलपूरचा फाटा मूर्तिजापूरपर्यंत सुमारे 76 किलोमीटरचा. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट, इंजिन 1921 साली मँचेस्टरला घडलेलं, आणि प्रवास चार तासांचा. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं ही लाइन घातली ती वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावायला. पण तिनं आमची माणसंही देशाच्या वाटेला लावली.

लहानपणी आजोबांबरोबर मी कलकत्त्याला निघालो, तो याच गाडीनं. मागे गाविलगडचे डोंगर, बाजूला संत्र्याच्या बागा. अंजनगावला पानमळे दिसले. पुढे दर्यापूरच्या बनोसा स्टेशनवर एक शेतकरी चढला. आजोबांनी विचारलं, "काहो भाऊ, तुमच्याकडं विहिरीचं पाणी कसं हाय?"

"खारं हाय जी. सारी शेती पावसावर."

माझ्या गावापासून काही तासांवर विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. खारपाणपट्टा मला पुस्तकाआधी त्या डब्यात कळला.

पूर्णा ओलांडून मूर्तिजापूर आलं. तिथं अडीच फुटांचे रूळ सोडून आम्ही साडेपाच फुटांच्या रुळांवरच्या हावड्याच्या गाडीत बसलो. गोंदिया मागे पडलं तशी मराठी विरळ झाली. कपाशी संपून धानाच्या बांध्या लागल्या. डब्यात छत्तीसगडी, मग ओडिया, मग बंगाली ऐकू येऊ लागली. आजोबांना यांतली एकही भाषा येत नव्हती. मोडक्या हिंदीत त्यांचा प्रश्न मात्र तोच: पाणी कसं आहे, पीक काय आहे? तो ऐकला की समोरचा माणूस सरकून जागा देई आणि आपल्या शेतीचं सांगू लागे. एवढा मोठा अनोळखी देश मला परका वाटला नाही, तो त्या प्रश्नामुळे. आणि तो विचारायची सवय लावली शकुंतलेच्या सावकाश चालीनं.

गेली काही वर्षं शकुंतला बंद आहे. अचलपूरच्या मुलांना आधी आपला मुलूख आणि मग देश दिसावा, म्हणून ती पुन्हा धावायलाच हवी. तोवर, श्रोतेहो, कुठंही निघालात तरी शेजारी बसलेल्याला पाण्याचं नि पिकाचं जरूर विचारा.