कन्येचा गणवेश आणि पालकांची काळजी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यापाठोपाठ लहानमोठे उद्योग आले, व्यापार वाढला आणि ठिकठिकाणची कुटुंबे या परिसरात स्थिरावली. अशा वसाहतीत शेजार नवा असतो, आजी-आजोबा बहुधा मूळ गावी असतात आणि मुलांची सारी काळजी आईवडिलांवर येऊन पडते. म्हणूनच एखादी कन्या शाळेतून येऊन सांगते की, तिने गाइड पथकात नाव घातले आहे आणि तीन दिवसांच्या शिबिराला जायचे आहे, तेव्हा घरात प्रथम शांतता पसरते आणि मग प्रश्न सुरू होतात. मुलगी रात्री घराबाहेर कशी राहील? सूर्यास्तानंतर जेवावे लागेल काय? अभ्यासाचे काय? लोक काय म्हणतील?

या प्रश्नांची टिंगल करण्याचे कारण नाही. काळजी ही मायेचीच दुसरी बाजू आहे. परंतु काळजीचे उत्तर माहितीने शोधावे. ज्या गोष्टीची ओळखच नाही, तिला नकार देणे हा विवेक नव्हे.

ही काळजी नवीनही नाही. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपण होऊन तेथे आल्या आणि त्यांनी आपल्यालाही या कार्यात घ्यावे, अशी मागणी केली. मुलींनी रानावनात हिंडावे, हे त्या काळच्या इंग्रज समाजातही अनेकांना रुचले नाही. तेव्हा १९१० साली मुलींसाठी गर्ल गाइड ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी तिची धुरा घेतली. पुढच्याच वर्षी, १९११ साली, जबलपूरला गाइडचे पथक निघाले. स्वातंत्र्यानंतर देशातील स्काउट संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था निर्माण झाली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड संघटना तीत सामील झाली. १९६६ साली पुण्यात गाइड चळवळीचे 'संगम' हे जागतिक केंद्र उघडले. महाराष्ट्राच्या भूमीला हे कार्य परके नाही.

या पथकात मुली करतात तरी काय? लहान मुली बुलबुल असतात, दहा वर्षांपुढील गाइड आणि त्याहून मोठ्या रेंजर. सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो व त्यांच्यातलीच एक संघनायिका होते. पथकाची जबाबदारी गाइड कॅप्टन या महिलेकडे असते. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान आणि पुढे राज्य पुरस्कार अशी पायरीपायरीने चढण असते. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशावाचन, तंबू उभारणे, चुलीवर स्वयंपाक, ही सारी विद्या हातांनी शिकावी लागते. घरी आलेली नात डावा हात पुढे करून हस्तांदोलन करते, तेव्हा आजीला ते विचित्र वाटते. पण जगभरच्या स्काउट-गाइडांची ती बंधुभावाची खूण आहे, त्यात अनादर नाही.

गाइडच्या प्रतिज्ञेत धर्म व देश यांविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि नियमांचे पालन यांचे वचन असते. ते नियम जैन गृहस्थाने लक्षपूर्वक वाचावेत. विश्वासास पात्र राहावे, सर्वांशी मैत्री करावी, प्राणिमात्रांशी स्नेहाने वागावे, काटकसर करावी, आचार-विचार-उच्चार शुद्ध ठेवावेत. सत्य, मैत्री, जीवदया, परिग्रहाची मर्यादा आणि मन-वचन-कायेची शुद्धी यांचे संस्कार ज्या घरात होतात, त्या घरच्या कन्येला हे नियम ओळखीचेच वाटतील.

आता सर्वांत अवघड प्रश्न आहाराचा. रात्रीभोजनत्याग, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी हे नियम शिबिरात कसे पाळले जातील? त्यासाठी पालकांनी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, शिबिराचे पत्र हाती येताच गाइड कॅप्टनना भेटावे. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी मिळेल काय, कांदा-बटाट्याविना एक भाजी वेगळी काढता येईल काय, हे स्पष्ट विचारावे. न जमल्यास दशमी, खाकरे, सुका मेवा आणि पाणी गाळण्याचे फडके कन्येच्या पिशवीत द्यावे. शेकोटीविषयी मनात शंका असेल, तर जागा झाडून घेणे, लाकडे पाहून वापरणे, आग लहान ठेवणे हा यत्नाचार मुलीला आधी शिकवावा. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या दिवसांत शिबिर आले, तर त्या वेळी जाऊ नये. पुढच्या शिबिराला जावे.

येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. घरात कन्या सूर्यास्तापूर्वी जेवते, कारण आई त्या वेळी ताट वाढते. तो नियम बराचसा आईचा असतो. शिबिरात मैत्रिणी नंतर जेवणार आहेत, घरचे कोणी पाहत नाही, तरीही ती शांतपणे आपला डबा वेळेवर उघडते, तेव्हा तो नियम प्रथमच तिचा स्वतःचा होतो. पुढे शिक्षणासाठी, नोकरीसाठी ती पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली, तर तिच्यासोबत जाणार आहे तो हाच नियम. कधी तिच्याकडून चूक झाली, तर ती घरी येऊन निर्भयपणे सांगू शकेल, इतका विश्वास मात्र घरात हवा.

महाराष्ट्रातील स्काउट-गाइडांच्या 'खरी कमाई' या उपक्रमाविषयीही कुरकुर ऐकू येते. व्यापाऱ्याच्या घरची मुलगी दुसऱ्याचे अंगण झाडून चार पैसे आणते, हे काहींना कमीपणाचे वाटते. परंतु न्यायाने मिळविलेले धन हा तर सद्गृहस्थाच्या गुणांतील पहिला गुण मानला आहे. श्रमाचे मोल हाताला कळले की उधळपट्टीही आपोआप थांबते.

अनुमती डोळे झाकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. मुलींबरोबर कोण महिला जाणार, मुक्कामाची जागा कोणती, स्नानगृहाची व झोपण्याची सोय कशी, आजारपणात कोणाशी संपर्क साधायचा, मुलगी घरी कधी परतणार, हे विचारणे पालकांचा अधिकार आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर नकार द्यावा आणि त्याचे कारण कन्येला समजावून सांगावे. कारण न सांगता दिलेला नकार तिला एवढेच शिकवितो की, पुढच्या वेळी घरी विचारूच नये. आणि हेही ध्यानात ठेवावे की, तिची इच्छा नसेल तर केवळ प्रमाणपत्रासाठी तिला पाठवू नये.

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आपली परंपरा सांगते. विद्या प्रथम कन्यांच्या हाती देणारी ही परंपरा आहे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी अकाली वैधव्य आलेल्या आपल्या कन्येला, मगनबाईंना, घराच्या कोपऱ्यात बसू दिले नाही, त्यांना शिकविले. त्याच मगनबाईंनी पुढे श्राविकाश्रम उभारून कित्येक भगिनींना आधार दिला. एका पित्याने लोकापवादापेक्षा कन्येच्या भवितव्याचा विचार अधिक केला, त्याचे फळ समाजाला मिळाले.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या ट्रस्टलाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. पालक आणि गाइड कॅप्टन यांची वर्षारंभी एक बैठक घडवून आणावी. जैन मुलींच्या आहारनियमांची यादी छापून शाळांना द्यावी. शिबिरकाळात सूर्यास्तापूर्वी डबे पोहोचविण्याची जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी. कचनेरच्या यात्रेत चालणाऱ्या यात्रेकरूंना पाणी देण्यास व प्रथमोपचार करण्यास याच मुलींना बोलवावे. मग त्या काय शिकल्या, हे समाज स्वतःच्या डोळ्यांनी पाहील.

शिबिराच्या पत्रावर पालकांची सही लागते. ती सही करण्यापूर्वी प्रत्येक आईवडिलांनी कन्येला जवळ बसवून शांतपणे तिचे म्हणणे ऐकावे, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी नम्र विनंती.

जय जिनेंद्र!