कोपराचे टक्के आणि कमाईचे टक्के

आजचा विषय कोपर. बाईकला कुणी धडक दिली की आपण पडताना हात टेकतो आणि मार बसतो कोपराला. प्लेट बसते, हाड जुळतं, पण हात पहिल्यासारखा सरळ होईलच असं नाही. मग भरपाई मागताना प्रश्न येतो: नुकसान नक्की किती?

मी सॉफ्टवेअरवाला. कोपर थोडं वाकडं राहिलं तरी माझा कीबोर्ड चालेल. पण शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत साचे उचलणाऱ्या पोराचं काय? जखम तीच, सर्टिफिकेटवरचे टक्केही तेच. त्याचं मात्र कामच सुटू शकतं.

सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या निकालात हेच सांगितलं. अवयवाचं अपंगत्व आणि कमाईतली घट, दोन्ही वेगळं मोजायचं. डावा हात गेलेल्या सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते.

आता हिशेब. समजा वय २८, महिन्याला २०,००० रुपये. या वयाला गुणक १७. म्हणजे २०,००० गुणिले १२ गुणिले १७, झाले ४०,८०,०००. कमाईतली घट २० टक्के धरली तर ८,१६,०००. ५० टक्के धरली तर २०,४०,०००. भविष्यातली वाढ, दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार हे वेगळं. बघा, एका आकड्याने केवढा फरक पडतो!

म्हणून नुसतं सर्टिफिकेट जोडून थांबू नका. तुम्ही नेमकं काय काम करता, त्यातलं आता काय जमत नाही, हे पुराव्यानिशी मांडा. डॉक्टरांची साक्षही लागते. एफआयआर, पंचनामा, एक्स-रे, फिजिओथेरपीची बिलं, पगाराचा पुरावा, सगळं जपून ठेवा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. कायद्यातली मुदत अपघातापासून ६ महिने, त्यामुळे प्लेट निघायची वाट बघत बसू नका. अपघात साताऱ्याजवळ झाला आणि राहायला कोल्हापुरात असाल, तर दावा इथंच करता येतो. अपिलासाठीही आता मुंबईला पळायला नको; १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

एक लक्षात ठेवा, आपणच घसरून पडलो तर हा दावा चालत नाही. तिथं स्वतःची विमा पॉलिसी काढून बघायची.

घरात, गल्लीत कुणाचा हात प्लास्टरमध्ये असेल, तर त्याला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!