हाडांचे औषध आणि जबड्याची जयणा

(सुवर्ण महोत्सवानिमित्त ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि आज घरोघरी, विशेषतः आपल्या माता-भगिनींना, हाडांच्या ठिसूळपणावर औषधे दिली जातात आणि त्यांचा जबड्याशी असलेला संबंध फार थोड्यांना ठाऊक असतो. म्हणून जे वाचले व जाणकारांकडून समजून घेतले, ते आपणांसमोर ठेवतो.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. तेथे अखंड रफूकाम चालू असते. काही पेशी जीर्ण भाग कातरून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवे विणतात. वाढत्या वयात कातरणे वाढते आणि विणणे मागे पडते. ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाईन कातरणाऱ्या पेशींना आवर घालते. त्यामुळे मणका व खुबा मोडण्याचा धोका कमी होतो. हा लाभ लहान नाही.

परंतु या कातरणाऱ्या पेशी ज्या कुळातल्या, त्याच कुळात जंतूंना गिळणाऱ्या रक्षक पेशीही जन्मतात. औषधाचा प्रभाव त्यांच्यावरही पडू शकतो. झोलेड्रोनिक ॲसिडच्या पहिल्या सलाईननंतर काहींना दोन-तीन दिवस ताप व अंगदुखी होते, तीही रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी या औषधाने उत्तेजित झाल्यामुळेच.

आता जबड्याचा विचार करू. त्यावर चावण्याचा ताण रोजचा, हिरडीचे आवरण पातळ आणि तोंडात जंतूंची वस्ती कायमची. दात काढला की तेथील हाडाला झपाट्याने दुरुस्ती हवी असते. नेमके तेव्हा रफूकाम मंदावलेले असेल आणि जंतूंचा प्रतिकार कमी पडला, तर क्वचित जखम भरत नाही. हाड उघडे राहते व मृत होते. 2003 साली अमेरिकेतील शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी असे 36 रुग्ण नोंदविले आणि वैद्यकविश्व सावध झाले.

यावरून औषधच टाकून द्यावे काय? मुळीच नाही. ठिसूळपणासाठी गोळी घेणाऱ्या 10,000 जणांत हा विकार सुमारे 2 ते 5 जणांना होतो. कर्करोगात मोठ्या मात्रेची सलाईन वारंवार घेणाऱ्यांत मात्र प्रमाण बरेच अधिक असते. मधुमेह, स्टिरॉइड व तंबाखू यांनी धोका वाढतो. अनेकांतवाद हेच शिकवितो की एकच वस्तू एका दृष्टीने हितकर आणि दुसऱ्या दृष्टीने अहितकर असू शकते. म्हणून चालण्या-बोलण्यात जी जयणा आपण पाळतो, ती औषधातही पाळावी.

औषध सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी. काढावयाचे दात आधीच काढून जखम भरू द्यावी. औषध चालू असताना दंतवैद्यांना त्याचे नाव आवर्जून सांगावे, कारण ते हाडात वर्षानुवर्षे टिकून राहते. दात काढल्यानंतर हाड उघडे दिसले, पू आला किंवा हनुवटी बधिर झाली, तर दुखत नसले तरी त्वरित दाखवावे.

डेनोसुमॅब हे सहामाही इंजेक्शन निराळे. जबड्याचा धोका त्यातही आहे, परंतु ते परस्पर थांबविल्यास अल्पावधीत मणके मोडू शकतात. म्हणून कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आपल्या व्रतांविषयी एक सूचना. साप्ताहिक गोळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यावयाची असते आणि नंतर अर्धा तास आडवे न होता, काही न खाता राहावयाचे असते. घोटभर पाण्याने घेतल्यास ती अन्ननलिकेला इजा करू शकते. नवकारशी करणाऱ्यांनी पच्चक्खाण पूर्ण झाल्यावर प्रथम गोळी घ्यावी, चहा-दूध अर्ध्या तासाने. चौविहार उपवासाच्या दिवशी गोळीचा वार येत असेल, तर डॉक्टरांना विचारून वार बदलून घ्यावा.

या सुवर्ण महोत्सवी वर्षात प्रत्येक घरातील सुना-मुलांनी आपल्या ज्येष्ठांची औषधे एकदा पाहावीत आणि त्यांना दंतवैद्यांकडे घेऊन जावे, एवढीच विनंती. आई-वडिलांचे सुखाने दोन घास खाणे, हीच त्या सेवेची पावती ठरेल.

जय जिनेंद्र!